जुन्या पंपाची जागा स्वस्तात मिळतेय? आधी जमिनीखाली काय आहे ते बघा



धंद्यासाठी जागा शोधताना आपण काय काय बघतो? रस्त्याला लागून आहे का, समोर गाड्या लागतील का, लाइट-पाणी आहे का, सातबारा क्लिअर आहे का. हे सगळं बघायलाच पाहिजे. पण काही जागांच्या बाबतीत अजून एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत: या जमिनीखाली पेट्रोल-डिझेलची टाकी पुरलेली आहे का?

तुम्हाला वाटेल, आपल्याला कुठे पंप टाकायचाय? आपल्याला तर हॉटेल काढायचंय, टायरचं दुकान काढायचंय, गोडाऊन पाहिजे. बरोबर. म्हणूनच हा लेख तुमच्यासाठी आहे. पंप चालवणाऱ्याला टाकीचं सगळं माहीत असतं. अडकतो तो दुसऱ्या धंद्यासाठी जागा घेणारा.

आज चार गोष्टी समजून घेऊ: टाकी कुठे असू शकते, ती धोक्याची का असते, कागद कुठले बघायचे आणि व्यवहार कसा करायचा.

टाकी कुठल्या जागेत असू शकते?

पहिली जागा म्हणजे बंद पडलेला पेट्रोल पंप. बायपास झाला, जुन्या रस्त्याची वाहतूक कमी झाली, पंप बंद पडला. आता ती कोपऱ्याची, मोक्याची जागा विकायला निघालीय.

दुसरी जागा म्हणजे बंद कारखान्याची शेड. बॉयलरला फर्नेस ऑइल लागायचं, जनरेटरला डिझेल लागायचं. साठा मोठा असेल तर टाकी जमिनीत पुरलेली असू शकते.

तिसरी जागा म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याचं जुनं यार्ड. ज्यांच्याकडे ट्रकांचा ताफा असतो, ते स्वतःपुरता डिझेलचा पंप ठेवतात. बाहेर बोर्ड नसतो, त्यामुळे पुढे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

या तीनपैकी कुठलीही जागा घेत असाल तर टाकी आहे असं धरून चौकशी सुरू करा. नसेल तर चांगलंच आहे.

एवढं काय बिघडतं टाकीने?

जुन्या टाक्या साध्या लोखंडी पत्र्याच्या, एकाच भिंतीच्या असायच्या. ओल्या मातीत लोखंड गंजणारच. वर्षं गेली की पत्र्याला, नाहीतर टाकीपासून मशीनपर्यंत जाणाऱ्या पाइपाच्या जॉइंटला बारीक भोक पडतं.

आता साधा हिशोब करू. समजा, सेकंदाला फक्त एक थेंब गळतोय. एका थेंबाचं माप ०.०५ मिलिलिटर धरा. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला सुमारे ४.३ लिटर आणि वर्षाला जवळपास १,५७५ लिटर. २०,००० लिटरच्या टाकीत दिवसाला चार लिटर कमी झालं तर कोणाच्या लक्षात येणार? थोडं उडून गेलं असेल, मापात फरक असेल, असं म्हणून सोडून देतात. आणि तो पंप तसाच दहा वर्षं चालला असेल तर जमिनीत काय गेलं असेल, तुम्हीच गुणाकार करा.

हे तेल जातं कुठे? पेट्रोल आणि डिझेल दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. मातीतून खाली उतरतात आणि भूजल लागलं की त्यावर तरंगतात. त्यातला काही भाग पाण्यात विरघळतो. आपल्या महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्ट खडकाचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी मुरमातून आणि भेगांतून फिरतं. भेग जिकडे जाईल तिकडे पाणी जातं. त्यामुळे टाकी तुमच्या जागेत असते आणि वास शेजाऱ्याच्या बोअरला येतो, असं होऊ शकतं.

पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचं रसायन असतं. त्याने कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. आपल्याकडच्या आताच्या पेट्रोलमध्ये बेंझीन १ टक्क्यापर्यंत चालतं. या दोन आकड्यांची सांगड घातली तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन आठ-नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेच्या वर न्यायला पुरतं. म्हणून गळती हा फक्त तुमच्या पैशाचा प्रश्न राहत नाही. शेजारची विहीर पिण्याची असेल तर तो त्या घरातल्या माणसांच्या तब्येतीचा प्रश्न होतो.

अजून एक गोष्ट. आपल्या देशात शिसं घातलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. पंप त्याच्या आधीचा असेल तर मातीत शिसंही तपासून घ्या.

"टाकी रिकामी आहे हो, काही टेन्शन नाही"

हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. उलट रिकाम्या टाकीचंच टेन्शन जास्त.

भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी असते. रिकाम्या टाकीत तळाला थोडा गाळ उरतो, त्यातून वाफ निघत राहते आणि आतल्या हवेत मिसळते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, खड्ड्यात, गटारात, तळघरात साचून राहते.

म्हणून नीट ऐका. भंगारवाला येऊन म्हणेल, "साहेब, टाकी फुकट काढून नेतो, लोखंड माझं." तुम्हाला वाटेल, बरं झालं, खर्च वाचला. पण तो आणणार गॅस कटर. आतली वाफ काढलेली नसेल तर त्या टाकीचा स्फोट होतो आणि तिथं काम करणारा माणूस जातो. टाकीत उतरून गाळ काढायला कामगार पाठवणं हेही तितकंच जीवघेणं. आत श्वास घेण्यासारखी हवाच नसते. टाकीत वाफ उरलेली नाही हे जाणकार माणसाने यंत्राने तपासून लेखी दिल्याशिवाय तिला कटर लावायचा नाही आणि आत कोणी उतरायचं नाही. पेट्रोलियमचे नियमही हेच सांगतात.

आणि पावसाळ्यात रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते. २०,००० लिटरची टाकी पूर्ण पाण्यात बुडाली तर पाणी तिला सुमारे २० टनांनी वर ढकलतं. रिकाम्या टाकीचं स्वतःचं वजन असतं दोन-तीन टन. वरची माती आणि काँक्रीट तिला दाबून धरतात म्हणून ती खाली राहते. तुम्ही बांधकामासाठी वरचं काँक्रीट फोडलं आणि त्याच वर्षी जोराचा पाऊस झाला तर? विचार करा.

जागेवर गेल्यावर काय बघायचं?

यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. डोळे उघडे ठेवून एक चक्कर मारा.

१. भिंतीलगत किंवा कुंपणाच्या कडेला उंच उभा, बारीक लोखंडी पाइप दिसतो का? वरचं टोक वाकलेलं किंवा जाळी लावलेलं असेल तर तो टाकीच्या वाफेचा व्हेंट पाइप असू शकतो.

२. जमिनीत लोखंडी झाकणं, मॅनहोल, टोपण लावलेली पाइपाची तोंडं आहेत का?

३. मोकळ्या जागेत मध्येच काँक्रीटचा चौकोन आहे का? किंवा मशीन उभी करायचा लांबट ओटा?

४. एखाद्या ठिकाणी जमीन खचलीय का, माती वेगळ्या रंगाची आहे का, गवत उगवत नाही का?

५. विहिरीचं, बोअरचं पाणी बादलीत काढा. वास घ्या. वर इंद्रधनुष्यासारखा तवंग येतो का बघा. तोंडाला मात्र लावू नका.

६. शेजारच्या चहावाल्याशी, पंक्चरवाल्याशी, जुन्या वॉचमनशी बोला. "इथं आधी काय होतं हो?" एवढंच विचारा. कागदावर नसलेलं बरंच काही तिथं कळतं.

एक चक्कर पावसाळ्यानंतर मारता आली तर उत्तम. भूजल वर आलेलं असतं, तेव्हा वास आणि तवंग जास्त लवकर कळतो.

कागद कुठले मागायचे?

सर्च रिपोर्ट काढला, बँकेने लोन पास केलं, म्हणजे जागा ओके, असा आपला समज असतो. पण सर्च रिपोर्ट मालकी बघतो आणि व्हॅल्युअर बाजारभाव बघतो. मातीत काय मुरलंय हे दोघंही बघत नाहीत. ते काम तुमचं.

पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे, त्याखालचे सध्याचे नियम २००२ चे. परवान्याचं काम बघते पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो. तिचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. पेट्रोल येतं अ वर्गात, डिझेल ब वर्गात. डिझेलचा एका ठिकाणचा साठा २,५०० लिटरच्या आत असेल आणि कुठलंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर परवाना लागत नाही. याचा अर्थ, डिझेलची १०,००० लिटरची टाकी असेल तर तिचा परवाना असायलाच हवा.

त्या परवान्यासोबत मंजूर नकाशा असतो. टाक्या किती, केवढ्या, नेमक्या कुठे, हे त्यात असतं. विकणाऱ्याकडे तो नकाशा मागा. पंपासाठी जिल्हा प्रशासनाचं ना-हरकत प्रमाणपत्रही लागतं, म्हणजे तिकडेही फाइल असते. विकणारा कागद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

पण इथं एक फसगत आहे. फर्नेस ऑइल क वर्गात येतं आणि क वर्गाच्या ४५,००० लिटरपर्यंतच्या साठ्याला परवाना लागत नाही. त्यामुळे कारखान्याच्या शेडमध्ये "परवाना नाही म्हणजे टाकी नाही" असं समजू नका. तिथं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जुनं संमतीपत्र मागा. बॉयलर, जनरेटर, कुठलं इंधन, किती, हे त्यात लिहिलेलं असतं. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तो लीजवर असतो, हस्तांतरणाला एमआयडीसीची परवानगी लागते. त्या फाइलमध्येही आधीच्या धंद्याची माहिती मिळते.

बंद पंपाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. एक, पुष्कळदा जमीन एकाची आणि टाकी, मशीन तेल कंपनीची असते. जमिनीचं लीज संपलंय का, टाकी कोणाची, ती कोण काढणार, हे कंपनीकडून लेखी घ्या. दुसऱ्याची टाकी तुम्हाला कोणी विकू शकत नाही. दोन, जागा घेतली म्हणजे पंप आपोआप मिळतो, असं अजिबात नाही. डीलरशिप आणि परवाना हे जमिनीसोबत चालत येत नाहीत.

जबाबदारी कोणाची? विकणाऱ्याची की तुमची?

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. जो दोष खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता, असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असं हे कलम म्हणतं. ऐकून बरं वाटतं. पण त्यातले "साधारण काळजी घेऊनही" हे शब्द परत वाचा. व्हेंट पाइप डोळ्यासमोर उभा होता आणि तुम्ही विचारलंच नाही, तर समोरचा वकील नेमकं तेच दाखवणार.

शिवाय हे कलम करारात वेगळं काही ठरलं नसेल तरच लागू होतं. "जसं आहे, जिथं आहे" या अटीवर सही केलीत तर तुमची बाजू कमजोर होते. बँकेच्या लिलावात बंद कारखाने याच अटीवर विकले जातात. लिलावात भाव कमी का असतो, त्याचं एक कारण हेही आहे.

आता प्रदूषणाचं बघू. आपल्याकडे तत्त्व असं की ज्याने प्रदूषण केलं त्याने भरायचं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातही ते आहे आणि न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच बसतं. पण प्रत्यक्षात काय होतं? शेजाऱ्याच्या विहिरीला वास आला की तो आज जागेवर असलेल्या माणसाच्या दारात येतो. आधीची कंपनी बंद, मालक गाव सोडून गेलेला. मग सिद्ध करत बसा की हे माझं नाही. त्यात १९७४ च्या पाणी प्रदूषण कायद्याने जाणूनबुजून घाण विहिरीत किंवा जमिनीत जाऊ देण्यालाही मनाई केली आहे. "जाऊ देणं" हा शब्द महत्त्वाचा. टाकी गळतेय हे कळल्यावरही तुम्ही गप्प बसलात तर "मी केलं नाही" म्हणून सुटता येणार नाही.

भाव खरंच स्वस्त आहे का? हिशोब मांडू

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. तुमच्या भागातले खरे कोटेशन घेऊन हाच तक्ता वहीत मांडा.

समजा, आजूबाजूला तेवढ्याच जागेचा भाव ९५ लाख आहे आणि ही जागा ८० लाखांना मिळतेय. १५ लाखांचा फायदा दिसतोय.

- टाकी रिकामी करणं, वाफ काढणं, उचलणं: ४ लाख
- गाळ आणि तेलकट माती नियमाप्रमाणे विल्हेवाटीला पाठवणं: ३ लाख
- माती-पाण्याची तपासणी: १ लाख
- खड्डा चांगल्या मुरमाने भरून दाबून घेणं: १ लाख
- काम सहा महिने पुढे गेलं, ६० लाखांच्या कर्जावर १० टक्क्यांनी व्याज: ३ लाख

झाले १२ लाख. फायदा उरला ३ लाखांचा, तोही माती थोडीच खराब निघाली तर. तेल खोलवर गेलेलं निघालं, शेजाऱ्याचं पाणी खराब झालेलं निघालं, तर हा आकडा कुठे थांबेल, हे खोदल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. म्हणून खोदणं आणि तपासणं हे खरेदीच्या आधी झालं पाहिजे. आजच्या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

त्या गाळाचंही सांगतो. तेलाच्या टाकीतला गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो. तो नाल्यात ओतायचा नाही, रात्री कुठे नेऊन टाकायचा नाही. आपल्या राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं अशा कचऱ्याची अधिकृत केंद्रं आहेत. तिथं पाठवा आणि पावती जपून ठेवा. उद्या तुम्ही जागा विकाल तेव्हा हीच पावती तुम्हाला भाव मिळवून देईल.

व्यवहार कसा करायचा?

इसार देताना घाई करू नका. आधी साठेखत करा आणि वकिलाकडून त्यात या पाच गोष्टी घालून घ्या.

पहिली, विकणाऱ्याचं लेखी निवेदन: टाक्या किती, कशाच्या, कधी बंद केल्या, कधी गळती झाली होती का.

दुसरी, तपासणीचा हक्क: खरेदीखताआधी तुमचा माणूस खोदून माती-पाण्याचे नमुने घेईल. नमुने टाकीच्या तळाजवळचे आणि बाजूचे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत.

तिसरी, रिपोर्ट खराब आला तर इसार परत आणि व्यवहार रद्द करायची मुभा.

चौथी, टाकी विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने काढायची, परवाना रीतसर बंद करायचा आणि कागद तुम्हाला द्यायचे. खरेदीखत त्यानंतर.

पाचवी, आधीच्या प्रदूषणाची भरपाई विकणाऱ्याकडे. पण नुसत्या हमीवर राहू नका. हमी देणाऱ्याकडे उद्या पैसेच नसतील तर तो कागद काय कामाचा? किमतीतली काही रक्कम ठरावीक मुदतीपर्यंत राखून ठेवा.

विकणारा म्हणाला, "टाकीत वाळू भरून देतो, काढायची काय गरज?" तर विचार करून हो म्हणा. आधी साफ केलेली, वाफ काढलेली टाकी वाळूने किंवा काँक्रीटने भरून जागेवर सोडण्याची पद्धत आहे. पण खालची माती मग तपासता येत नाही आणि तुमच्या इमारतीचा पाया नेमका तिथंच येत असेल तर अडचण होते. बांधकाम करायचं असेल तर टाकी काढलेलीच बरी.

शेवटी

टाकी आहे म्हणून जागा सोडून द्या, असं मी म्हणत नाही. मोक्याची जागा रोज मिळत नाही. टाकी बाहेर काढली, माती चांगली निघाली, सगळे कागद हातात आले, तर त्याच जागेवर निर्धास्तपणे धंदा करा. उलट बाकीचे लोक घाबरून मागे हटतात तिथं, माहिती असलेल्या माणसाला चांगला भाव मिळतो.

दुकानदार म्हणून मी माल घेतो तेव्हा खोका उघडून बघतो, मगच पैसे देतो. हजार-दोन हजारांच्या मालाला आपण एवढं करतो. इथं तर आयुष्याची बचत आणि वर पंधरा वर्षांचं कर्ज लागणार आहे. तेव्हा जागा बघायला जाल तेव्हा वहीत पहिली ओळ लिहा: "इथं आधी काय होतं?" याचं उत्तर मिळेपर्यंत इसाराचा चेक फाडू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत चौकशी करा, हिशोब मांडा आणि मगच सही करा.